तीस फेब्रुवारी

कॅलेंडर इतवारीतल्या मसाल्याच्या दुकानाचं,
फुकटचं. हळदीचा वास डिसेंबरपर्यंत जात नाही.
त्यातल्या लाल तारखा देवांच्या आणि सरकारच्या.
मी हिरवी पेन्सिल घेते
आणि दर महिन्याला एक दिवस उचलते
ज्याला कुणीच विचारत नाही असा.

पाचपावलीतलं हे वाचनालय. दोन पंखे, एक फिरतो.
चित्रांची पुस्तकं एकूण एकोणचाळीस,
पैकी सहांना शेवटचं पान नाही,
त्यांचा शेवट पोरं दर वेळी नवा करतात.

जानेवारीत उलट्या स्वेटरचा दिवस होता.
शिवणी बाहेर, धागे लोंबतायत,
आणि मी वाचतेय त्या मेंढीची गोष्ट
जिला स्वतःच्याच लोकरीच्या गुदगुल्या होतात.
हुमेरानं विचारलं, "आज सुट्टी हाये का, मॅडम?"
"सुट्टी नाही गं, सण आहे."
"मंग खायले काय?"
त्या दिवसापासून फुटाण्यांचा खर्च माझा.

कोपऱ्यात हेडाऊ काका, पेपरच्या मागे.
फक्त बोटं दिसतात आणि टक्कल.
"हे वाचनालय हाये का पोळ्याचा बाजार?"
'शांतता राखा' ही पाटी त्यांनीच एकदा
स्वतःच्या रुमालानं पुसली होती.

मग फेब्रुवारी.
अठ्ठावीसच्या पुढचे चौकोन रिकामे,
दिशांकला ते बघवेना.
त्यानं एकोणतीस लिहिला, मग तीसही,
शून्य जरा मोठा झाला, लाडवासारखा.
तर ठरलं. बाहेर एक मार्च येऊन थांबलेला,
आम्ही दार लावून घेतलं
आणि नसलेला दिवस साजरा करायला बसलो.

पुस्तक होतं एका शेळीचं.
तिची गाडी चुकते, मग दुसरी, मग तिसरीही.
मी सगळे आवाज काढले: शिट्टी, इंजिन, चहावाला.
मध्ये एका पानावर शब्दच नव्हते,
मी ते सहज उलटलं.

"एक पान सुटलं, बाई."

पेपर खाली आला नव्हता.
पानांची सळसळ मोजत बसले होते वाटतं, कोण जाणे कधीपासून.
"त्यात काही लिहिलेलं नाही, काका."
"मंग? शेळी तं हाये ना?"

मागे गेले. खरंच होती.
रिकामा फलाट, एक दिवा,
आणि शेळी. कुठेच बघत नसलेली.
मी पुस्तक उंच धरलं. हात दुखेपर्यंत धरलं.
कुणीतरी हळूच म्हणालं, "विचार करून राहिली थे."
"नाही बे, भूक लागली तिले."
"तिच्या आईनं सांगतलं असन, इथंच थांब."
हे म्हणणारा पोट्टा नवीन होता,
त्याचं नाव मला अजून माहीत नव्हतं.
एका पानाला अकरा मिनिटं लागली.
घड्याळ पाहिलं तेव्हा एक मार्च दुपारवर आलेला.

मे महिन्यात कूलरला पाणी पाजायचा दिवस केला,
त्यावर पुस्तक मिळेना,
म्हणून फाडलेला एप्रिल उलटा करून आम्हीच काढलं.
कूलरला सोंड दिली. पोट दिलं.
पोळ्याच्या महिन्यात मला डोकं चालवावंच लागलं नाही,
मारबत घरासमोरून जाते आणि पोरं ओरडतात,
"पाढे घेऊन जा गे मारबत!"
तेही काढलं, जुलैच्या पाठीवर.
काकांनी घोरण्याचा दिवस मागून घेतला,
आणि त्या दिवशी जागेच राहिले.

आता भिंतीवर नुसता खिळा आहे
आणि टेबलावर बारा पानांचं पुस्तक,
जाड सुईनं शिवलेलं, हळदीच्या वासाचं.
फेब्रुवारीच्या मागे कुणीच काही काढलं नाही.
तिथे पोचले की मी थांबते, पुस्तक उंच धरते.
पेपरच्या मागून आवाज येतो,
"जोरात वाचा ना, बाई,
इथपर्यंत आयकू येत नाही."