डबल बेल

हेरंब, दार लावू नकोस, मी आहे, वरचा दळवी.
अप्पांना पाचला कुशीवर वळवायचं ना?
दे, मला येतं.
साडेचार वर्षं मालतीला वळवलंय,
पाठीला जखम होऊ दिली नाही.
एक झाली होती.
ती अजून मला झोपू देत नाही.

काल रात्री ओरडलास त्यांच्यावर.
मग मोरीत जाऊन नळ सोडलास.
रात्री पाणी नसतं आपल्या बिल्डिंगला, विसरलास?
सगळं ऐकू आलं.

मान वर कर.
मी तर पेजेची वाटी भिंतीवर फेकली होती.
रंगारी आला तेव्हा म्हटलं, तेवढा डाग राहू दे.

बत्तीस वर्षं बेस्टमध्ये दोरी ओढली.
मधे कुठेच न थांबता
डेपोपर्यंत पोचलेली गाडी
मी तरी पाहिली नाही.

जा. फाइव्ह गार्डनला बाकावर बस,
नाहीतर इराण्याकडे, पंख्याखाली.
येताना औषधं आणू नकोस.
काहीच आणू नकोस.
सातपर्यंत मी आहे.

काय अप्पा, तिकीट काढलंत का?

बघ, हसले.
ओठाचा डावा कोपरा,
तेवढाच.