तळघरात, दहाच्या आत

वर जिम आहे. कुणी वजन टाकलं
की आमच्या माइकवर चुना पडतो.
झंखना फुंकर मारते, म्हणते, चला, धूर आला,
आता आपण खरे रॉकवाले.

फतेगंजमधलं तळघर. खुर्च्या लग्नाच्या,
पाठीवर लाल रंगात ‘अंबिका मंडप’.
माणसं एकतीस. त्यातली अकरा आमच्या घरची,
चार जण एसी बघून आत आलेले.
ज्याला बार म्हणायचं तिथे
मसाला छास आणि कोल्ड कॉफी.
या राज्यात झिंग चढायची
तर स्पीकरमधूनच चढायला हवी.
हे ओझं बाहेरच्या बँडना काय कळणार.

बँडचं नाव लीलो चेवडो.
कुणी कारण विचारलं तर नेविल एक सांगतो, मी दुसरं.
खरं म्हणजे पहिल्या तालमीला नाव सुचत नव्हतं
आणि पुडा संपत आला होता.

ड्रमवर यशोधन. शिर्क्यांचा.
दांडिया बझारात दुसऱ्या मजल्यावर
उशा बडवून शिकला.
खालच्या पागेकाकू एकदा जिना चढून आल्या,
बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या,
आणि दुसऱ्या दिवशी
आपली एक जाड उशी आणून ठेवली.
ती उशी अजून आहे. मोठ्या ड्रमच्या पोटात,
आवाज घुमू नये म्हणून.

बाकी सगळा सेट नवरात्रातला.
सात वर्षं, नऊ-नऊ रात्री हींच वाजवून
एकेक झांज करत जमवलेला.
गरब्याचं नाव काढलं की हा तोंड वाकडं करतो,
पण डावा हात ऐकत नाही त्याचा.
आमच्या प्रत्येक गाण्यातून कुठेतरी
एक घागरा गिरकी घेऊन जातो.

सोमवारी तो कॅनडाला निघालाय.
इंग्रजीच्या परीक्षेत गुणांना बँड म्हणतात.
याला साडेसहा मिळाले.
एका बँडच्या बदल्यात साडेसहा,
सौदा वाईट नाही, असं नेविल म्हणाला
आणि केबल गुंडाळत बसला.

मी बेस वाजवतो. म्हणजे अकरा वर्षं
यशोधनच्या उजव्या पायाकडे बघतो,
निळ्या रबरी सपातेकडे.
ठोका पडायच्या आधी अंगठा किंचित उचलला जातो.
ही माहिती जगात माझ्याशिवाय कुणाकडे नाही
आणि सोमवारनंतर
मलाही तिचा काही उपयोग नाही.

दहाला पाच कमी. दिनकरभाई दारात,
मनगटावर बोट.
आम्ही मुद्दामच लांबडं गाणं काढलं.
मधे एक जागा आहे, सगळे थांबतात, तो एकटा चालतो.
तिथे तो चार मात्रांतून सरळ सहांत उतरला.
चुकून नाही. अंगठा दिसला ना मला.
तिसऱ्या रांगेत त्याच्या आईनं
पर्स मांडीवरून खाली ठेवली,
कानातले कापसाचे बोळे काढले,
आणि एक टाळी दिली. बरोबर समेवर.

मग खुर्च्या कुणी सरकवल्या आठवत नाही.
दिनकरभाईंनी मेन स्विच पाडला तेव्हा
गिटार गेली, झंखना गेली, मी गेलो,
तो चालू होता.
अंधारात मोबाइलचे दिवे फिरत होते गोल,
जिममधली पोरं खांद्यावर टॉवेल टाकून
जिन्यावर उभी, आणि ते चार एसीवालेही आत घुसलेले.
दहा वाजून किती झाले, कुणी बघितलं नाही.
दिनकरभाईंनीसुद्धा.

सेट उद्या छाणीची एक गरबा पार्टी नेणार आहे.
टेम्पोत चढवायच्या आधी त्यानं
मोठ्या ड्रमचं तोंड उघडलं,
म्हणाला, ही तुझ्याकडे राहू दे.
घामाचा वास, कापूस एका बाजूला गोळा झालेला.

ॲक्टिव्हावर पायांत उशी घेऊन निघालो.
काळा घोड्याला सिग्नल लाल, नव्वद सेकंद.
शेजारच्या रिक्षावाल्यानं उशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
सत्तेचाळीसला की कितीला
माझा अंगठा उचलला गेला.