उलटी कडी

शाळेची सहल यंदा विमानांच्या संग्रहालयात.
एकेचाळीस पोरं, दोन मास्तर
आणि खिचडी शिजवणाऱ्या कौतिकाबाई गहाणे,
मांडीवर जर्मनचा डबा, डब्यावर दोन्ही हात,
खड्ड्यांत तोच आधी उडेल म्हणून.

धुक्यात बोड्या मागे गेल्या, धानाचे पुंजणे मागे गेले.
सर, विमानाला हॉर्न असते का?
मला माहीत नव्हतं. म्हणालो, पाहू.

बंद पडलेल्या धानगिरणीचं शेड.
दाराशी एक म्हातारं विमान,
तीनदा रंगवलेलं, चाकांत हवा नाही,
पंखाखाली पाकोळीचं मातीचं घरटं.
निकिता कुमरेनं आधी तेच पाहिलं.
मग पोरं शिडीनं एकेक वर चढली,
वैमानिकाच्या जागी बसून
प्रत्येकानं तोंडानंच इंजिन सुरू केलं.
हॉर्न नव्हता.

आतल्या खोलीत अंतराळ.
थर्माकोलचे ग्रह, मच्छरदाणीची आकाशगंगा,
शनीला सायकलची रिम.
आणि शेवटी, काचेच्या पेटीत, ती.
बंडीच्या चाकाएवढी काळपट कडी.
खाली पाटी:
अवकाशातून पडलेला यानाचा अवशेष.
मिश्र धातू. वजन बत्तीस किलो.
ठिकाण: शेतशिवार. मालक: नाही.

कौतिकाबाईंनी डबा खाली ठेवला,
सकाळपासून पहिल्यांदा.

गावात सगळ्यांना ठाऊक आहे.
दोन वर्षांपूर्वी, चैतात,
आभाळातून जळती रेघ गेली, कुत्री गप्प झाली,
आणि यांच्या बांधीत धप्प.
सकाळी त्यांनी वर पाणी शिंपडून पाहिलं. चर्र झालं नाही.
मग गडगडवत आंगणात आणली
आणि आत मोहफुलं वाळत घातली,
कोंबड्या काठ ओलांडत नव्हत्या म्हणून.
सहा दिवस.
सातव्या दिवशी जीप, पंचनामा, अंगठा.
फुलं तेवढी त्यांनी पदरात भरून घेतली.

माहिती सांगणारा पोरगा चुणचुणीत, सगळं पाठ:
ही कडी पृथ्वीभोवती हजारो वेळा फिरली...
"म्हंजे आमच्या घरावरूनबी गेली असन?"
गेली असेल, मावशी.
"मंग पाहून ठेवलं असन तिनं."
पोरं हसली. बाई हसल्या नाहीत.

लेकीच्या सासरी माजघर पाहावं
तशा त्या पेटीभोवती एकदा फिरून आल्या.
"उलटी ठेवली जी तुमी."
अंतराळात वर-खाली नसतंच, मावशी.
"नसन तिथं. आंगणात असते.
मोहाचा डाग हाये तिले, तो वर पायजे."

मी वाकून पाहिलं. होता.
करपल्या गुळासारखा, बोटभर.
पोरानं नोंदवही काढली, पान शोधलं.
तिथं लिहिलं होतं:
वातावरणात शिरताना जळाल्याची खूण.
तो बराच वेळ त्या ओळीवर पेन धरून उभा राहिला.

जेवण विमानाच्या पंखाखाली झालं.
पाकोळी दोनदा आली, आम्हाला पाहून परत गेली.
डबा रिकामा झाला, तरी येताना
बाईंचे हात त्याच्यावरच होते.

सोमवारी मधल्या सुट्टीत
त्या पदराला हात पुसत वर्गाच्या दारात.
"सर, एक कागद लिवून द्या त्याईले."
त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो.
माह्यं नाव टाका नाईतर नोका टाकू.
मालक नाई लिवलं, ते बरोबर हाये,
सहा रोज पाहुनी होती.
पण उलटी हाये. तेवढी सुदी ठेवा.

खाली सही केली.
अक्षर मोठं, ओळीतून घसरणारं,
पाचवीच्या पोरींनी खिचडीच्या चुलीपाशी शिकवलेलं.

मी शाळेचा शिक्का मारला.
जावक क्रमांक सत्तेचाळीस.