वाकून बघायचा

कोरड्या पुलाखाली आता नदी नाही, तिबिलिसीत हे सगळ्यांना ठाऊक.
पुलावर मी आहे, एक चादर, आणि चादरीवर
एकोणीस कॅमेरे. दोन बंद.
ते कोणते, विचारलंत तर सांगतो.

माझा एकच प्रश्न असतो: काढणार कशाचे?
बद्री लग्नं काढतो. त्याला दोन लागतात,
एक गळ्यात, एक हातात, कारण नवरी
रीळ बदलेपर्यंत रडू धरून ठेवत नाही.
जावाखेतीच्या तळ्यांवर क्रौंचांमागे जाणारा तो पोरगा,
त्याला मी हातभर लांब भिंग दिलं
आणि वर सांगितलं, तिपाई घे, लोकरीचे मोजे घे,
पक्षी त्यांच्या वेळेने येतात.
टुरिस्ट विचारतात, सगळ्यात चांगला कुठला?
त्यांना मी अन्झोरकडे पाठवतो. तो पदकं विकतो.

नेस्तान आली फेब्रुवारीत, नाक लाल.
म्हणाली, वडील.
म्हटलं, वडिलांचं काय?
भट्टीवर असतात, पहाटे चारपासून.
कॅमेरा दिसला की त्यांचा पासपोर्ट होतो.

आधी मी तो काळा, जड उचलला. डोळ्याला लावायचा.
आतला आरसा खटाक करून उठतो,
शेजारच्या खोलीतलं मूल जागं व्हावं.
तिने तो डोळ्याला लावला आणि मी बघितलं:
तिचा चेहरा गेला. तिथे एक यंत्र होतं
आणि ते माझ्याकडे बघत होतं.
मीच सावरून बसलो. टोपी नीट केली.
ठेव, म्हटलं. हा नको.

मग तो डबा काढला. दोन डोळ्यांचा, एकावर एक,
प्लॅस्टिकचा, कडेला तडा. कुणी फारसं विचारत नाही त्याला.
वरचं झाकण उघडायचं, पोटाशी धरायचा
आणि मान खाली घालून बघायचं, विहिरीत बघतात तसं.
डावं उजवीकडे जातं, उजवं डावीकडे.
चार दिवस तुझे हात तुझं ऐकणार नाहीत, म्हटलं.
मधला वाटोळा ठिपका खडबडीत आहे, नेम तिथेच धर.
अंधार असेल तर भिंतीला पाठ लाव, श्वास सोड, मग दाब.
आवाज? एवढासा. दाण्यावर दात पडावा तसा.
एका रिळात बारा. मागे लाल काचेची खिडकी आहे,
आकडा तिथे दिसतो.

बाराच?
तुझे वडील पिठाचे गोळे मोजत नाहीत?

साठ लारी. तिच्याकडे पन्नास होते. म्हटलं, राहू दे.

मार्च संपता संपता आली, फोटो कागदात गुंडाळून.
चार ठार काळे. एक तिच्याच बुटाचा.
उरलेल्या सातांत तोंड कुठेच नाही:
भट्टीत कमरेपर्यंत उतरलेला माणूस,
पाठ, पाठीवर पिठाचा पट्टा,
चपला खाली राहिलेल्या, दोन्ही तळवे हवेत,
एका मोज्याला भोक.

फसलं, मी मनात म्हटलं.
ती म्हणाली, पाचव्या दिवशी बाबा थांबले.
मी वाकलेली, नाक डब्यात.
म्हणाले, तुझ्याही आत भाजतंय का काही?
आणि पुन्हा उतरले. त्यानंतर मी तिथे आहे हे
त्यांच्या लक्षात राहिलं नाही.
किंवा राहिलं, पण चाललं.

ते मोज्याचं भोक मी भिंग लावून बघितलं.
एकेक धागा सुटा दिसत होता.

दहा लारींच्या जागी तिने दोन रोट ठेवले चादरीवर,
लांब, टोकदार, नुकतेच भट्टीच्या भिंतीवरून सोडवलेले.
हवा गार होती. वाफ उठली
आणि जवळच्या पाच कॅमेऱ्यांच्या काचा पांढऱ्या झाल्या.
तेवढ्यात एक गिऱ्हाईक वाकलं, हा दाखवा म्हणालं.
थांबा, म्हटलं, त्यालाच अजून दिसत नाहीये.
अन्झोर, इकडे ये.
ऊन आहे तोवर मोडू.