नारिंगी वर्षांची

शेजारची माहगुल विचारते, किती वर्षांची गं तू?
रेणू सांगते, नारिंगी.
माहगुल माझ्याकडे बघते.
आता तिला कुठून समजावू
की पोरगी आकडे शिकली ती माझ्या रेझिस्टरांच्या डबीतून,
तांदळाएवढ्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून.
तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन.
मार्चमध्ये ती पिवळी होईल.
मी नारिंगी-जांभळा आहे, हे तिला पाठ आहे.
आईचं वय ती सांगत नाही.
आई निळे दिवस हैम्याच्या इस्पितळात असते
आणि लाल दिवस घरी.

रुवीत रात्री दहालाही भिंतीला पाठ टेकवत नाही.
डाखेचा धूर जावा म्हणून मी खिडकी उघडतो
आणि समोरच्या बोडक्या डोंगराचा सगळा उकाडा
घरात घेतो.
फरशीवर चिकटपट्टीची एक रेघ ओढली आहे,
अलीकडे मी आणि तापलेली डाखणी, पलीकडे ती.
ती बरोब्बर रेघेवर अंगठा टेकवून उभी राहते,
कायद्यात राहून.

दुधाच्या पावडरीचा डबा, त्याला सहा भोकं,
सहा भोकांत सहा दिवे.
वर्गीसच्या दुकानात मोडीत निघालेल्या वॉशिंग मशीनचं घड्याळ
आत बसवलं, शिव्या देत, मनातल्या मनात.
रोज रात्री आठला एक दिवा विझायचा.
सगळे विझले की आई.
मला वाटलं, जमलं.
मला नेहमीच वाटतं.

तिसऱ्या दिवशी कामावरून आलो तर डबा मुका.
वायरी उपटलेल्या, कांद्याच्या मुळांसारख्या बाहेर.
मी ओरडायला तोंड उघडलं
आणि दारापाशी ती दिसली,
बूट घालून बसलेली, डावा उजव्यात,
फणी हातात.
माहगुल म्हणाली, दुपारपासून अशीच.
जेवलीसुद्धा दारातच.

मग काय बोलणार.
डाखणी तापत ठेवली.
त्या रात्री ती रेघ ओलांडून आली,
माझ्या मांडीवर बसली, मीही बसू दिलं,
एका हातानं तिचे दोन्ही हात धरून
दुसऱ्या हातानं तीन दिवे परत जोडले.
डाख कुठे बसली, कुठे नुसती चिकटली.
ती म्हणाली, हा नको लावूस ना, एकच.
मी लावला.

सहाव्या रात्री आठला शेवटचा दिवा गेला
आणि साडेआठला फोन आला:
आदमजवळ धुळीचं वादळ, बस उभी आहे,
रस्ता दिसत नाही, तुम्ही झोपा.
मी खोलीतला दिवा लावायला उठलो.
नको, ती म्हणाली.
बाबा, काळा म्हणजे शून्य ना?
शून्य.
मग आता मोजू नकोस.

पावणेतीनला किल्ली फिरली म्हणे.
आम्ही चटईवर होतो, बूट घालून, दोघंही.
तिनं आवाज न करता बॅग ठेवली,
केसांत वाळू, ओठांवर वाळू,
आणि अंधारात तिचा पाय लागला डब्याला.
डबा घरंगळला
आणि एक दिवा पेटला,
बहुधा तोच, नको म्हणालेला.
माझी डाख कच्ची होती.