चौसष्ट चौकोन

श्रावणकाका नन्नावरे कॅमेऱ्याला नाही म्हणाले.
"आंघोळ करून दुपट्ट्यावर फिरतो न मी,
थे पोरीनं पिंपरीत बसून काहून पाहाव?"
चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस.
ब्रह्मपुरीपासून नदीकाठच्या गावांपर्यंत
एकही पाकीट उजेडासमोर धरलं नाही त्यांनी.

म्हणून मी हे लावलं, आड्याखाली,
काडेपेटीएवढं.
याला चेहरा दिसत नाही, मिशी नाही, धोतर नाही,
ऐकू तर काहीच येत नाही.
आठ गुणिले आठ, चौसष्ट चौकोन,
आणि त्यांत ऊब.
"म्हंजे आंधळ्या म्हशीवानी," काका म्हणाले,
"गोठ्यात कोनी आला, एवढंच समजते तिले."
हाओ, म्हटलं. तसंच.

पौषात सोपं असतं.
भिंती निळ्या, माणूस नारिंगी.
खाटेवर लांबट, चुलीशी गोळा,
पहाटे चारला दाराकडे सरकणारा.
एका रात्री दोन डाग होते.
मधे तिसरा, लहान, खूप तापलेला,
तो हळूहळू निवत गेला.
चहा असावा.
मंजूषाताईचा फोन आला, कोण होतं गं?
ताई, चौकोनांना नाव नसतं, मी म्हटलं.
रात्री साडेनऊला आमच्या गल्लीतून
कुणाची जोडवी वाजत जातात, मला ठाऊक आहे.
यंत्राला नाही.
मी यंत्राच्या बाजूनं बोलले.

मग मे.
रात्री नऊला भिंत पस्तीस, खाट पस्तीस,
आणि माणसाची कातडीही पस्तीस.
चौसष्टच्या चौसष्ट एकाच रंगाचे.
काका कुठेच नाहीत.
मी सायकल काढली, चप्पल एकाच पायात,
दार ढकललं तर अंधारात बसून
टेंभरं खात होते, बिया ताटलीत टाकत.
"आहो न मी. काहून पळत आली?"

दुसऱ्या दुपारी पंचेचाळीस.
सगळं लालभडक, आणि कोपऱ्यात
डोक्यावर ओला शेला घेतलेला
एक निळसर तुकडा.
गार दिसत होता माणूस.
मी प्रोग्रॅममधली ओळ खोडली,
'जिथे जास्त गरम, तिथे माणूस'.
लिहिलं, 'जिथे वेगळं, तिथे'.

"पोरीले काय धाडतेस गा यातून?"
दिवसातून एकदा, काका, एकच शब्द. आहे.
ते बराच वेळ आड्याकडे बघत राहिले.
"मंग तिच्या घरी बी लाव एक.
थे रात्री कवा येते,
मले बी समजू दे."