वाळेपर्यंत

जवस आईच्या चटणीच्या डब्यातलं.
दोन चमचे, तांब्याभर पाण्यात,
मंद आचेवर ढवळत राहायचं
तार सुटेपर्यंत.
जुन्या ओढणीतून पिळताना ते बोटांतून निसटतं.
शेंबूड, म्हणाला धाकटा,
आणि भाकरी अर्धी ठेवून उठला.

माझे केस म्हणजे उसाचं पाचट.
शाळेत दोन वेण्या, लाल रिबिनी,
खोबरेल एवढं की उशीवर पेपर घालायचा,
तरी दुसऱ्या तासाला कपाळावर कापूस.
शेवंताकाकू विचारायची,
वृषे, कंगवा रुसलाय काय गं तुझ्यावर?
राजारामपुरीतल्या पार्लरात
बाईनं एक बट उचलली, सोडली,
सरळ करायचे साडेचार हजार सांगितले.
मी चपला घातल्या.

उद्या दहाला शाहूपुरीत मुलाखत.
न्हाऊन आले, ओल्या केसांना जवसाची बुळबुळ,
वर एरंडेलाचे दोन थेंब.
वाटे पाडले. एकेका वाट्याचे दोन पदर,
हा त्याच्यावर, तो ह्याच्यावर,
टोकापर्यंत.
पुढचे अकरा जमले.
मागे हात पोचेना, पोचला तर दिसेना,
दंड भरून आले.

बाबा दाराशी, मांडीवर पाट,
पाटावर चपलेच्या पट्ट्यावरची वेणी,
चामड्याची, नखाएवढी रुंद.
मघापासून बघत होते.
"पाठ कर हिकडं."

उठून हात धुतले. साबणानं, दोनदा.
बाभळीच्या सालीचा वास तरी राहिलाच.
तापात पट्टी ठेवताना सोडलं तर
माझ्या डोक्याला त्यांनी कधी हात लावलेला
मला आठवत नाही.
आता बोटं मानेपासून मोजत वर आली.

"सुकलंय. पाणी मारायला पायजे."
आणि तोंडात पाणी भरून
चामड्यावर मारतात तसा फवारा मारणार,
मी ओरडले, फवाऱ्याची बाटली दिली.

"कोरडं वळलं की धागं उठत्यात.
ओलं हाय तवर पीळ घ्यायचा, ताण सारखा.
मुळाशी लई आवळू नये, फाटतं."
बाबा, केस आहेत ते.
"व्हय. मग?"

चौदा झाले मागचे. सुतळीसारखे, सगळे एका मापाचे.
धाकट्यानं चिडवायला फोटो काढला,
मग दुसरा काढला, नीट धरून.

रात्रभर रंकाळ्याकडची दमट हवा.
सात वाजता हात लावला तर आतून गार.
सोडू का?
बाबांनी अंगठ्यानं एक पीळ दाबला,
तळव्याचं चामडं दाबतात तसा.
"न्हाई. ओल हाय आत.
ओलं सोडलं की आकार धरत न्हाई.
गिऱ्हाईक घाई करतंय, आन् नाव आमचं."

मग उंबऱ्यावर, उन्हाला पाठ करून, पाऊण तास.
शेवंताकाकू कचरा टाकायला निघालेली,
थांबली. "गुराचं दावं वळलंय का काय?"
मी तिला चहा विचारला.

आठ चाळीसला तेलाच्या बोटांनी सोडायला घेतलं.
टोकाकडून. ओढायचं नाही,
जिकडे तो स्वतः उलगडतो तिकडे जायचं.
एक. मऊ. धाग्याला धागा धरून,
दोन पदरांचं वळण विसरला नाही.
दुसरा. पाचवा. कुठेच कापूस नाही.
आरशात माझ्याच डोक्यावर
कुणाचे तरी शहाणे केस.

मागचं मला दिसत नव्हतं. बाबांना दिसलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"डावीकडचा एक ढिला पडलाय," मग म्हणाले,
"माझाच हाय,"
आणि आरी उचलली.

हात लावायचा नसतो, हात लावला की फुगतात.
मुलाखतीच्या बाकावर, नंतर परतीच्या केएमटीत,
एकालाही लावला नाही.
तो डावीकडचा मात्र
दिवसभर बोटाला गुंडाळत राहिले.